सणापूर्वी वेतन : सोय आणि हिशेब



दिवाळी जवळ आली की कार्यालयांतून, कारखान्यांतून आणि शाळांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : यंदा पगार दिवाळीपूर्वी होणार काय? प्रश्न साधा दिसतो. तथापि त्यात नोकरवर्गाची निकड, मालकाची अथवा शासनाची तिजोरी आणि पगाराच्या तारखेवर उभा असलेला घरसंसार, अशा तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून त्याचा विचार केवळ उदारतेच्या अंगाने न करता हिशेबाच्या अंगानेही करणे अगत्याचे आहे.

तिथी आणि तारीख

आपले सण तिथीप्रमाणे येतात आणि पगार इंग्रजी महिन्याप्रमाणे होतो. अडचणीचे मूळ येथे आहे. २०२० साली लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला आले, तेव्हा ऑक्टोबरचे वेतन हाती पडून पंधरवडा लोटला होता. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला आले. त्या वेळी नियमित वेतनाला आठवडा बाकी होता आणि मागील पगार बहुतेक घरांतून संपत आला होता. अशा वर्षी कुटुंबापुढे दोनच मार्ग राहतात. किराणा, कापड उधारीवर आणावे, अथवा हातउसने किंवा व्याजाने पैसे घ्यावेत. उधारीच्या गिऱ्हाइकाला भावाची घासाघीस करता येत नाही आणि सणासाठी काढलेले कर्ज सणानंतरही मागे लागते. वेतन आठ-दहा दिवस आधी मिळाल्याने हा भुर्दंड टळत असेल, तर त्या मागणीत गैर काहीच नाही.

बेचाळीस दिवसांचा महिना

परंतु वेतन लवकर मिळणे म्हणजे वेतन वाढणे नव्हे. समजा, १ नोव्हेंबरला मिळावयाचा पगार २० ऑक्टोबरला मिळाला. पुढील पगार मात्र १ डिसेंबरलाच होणार. याचा अर्थ असा की, तीस दिवसांसाठी असलेली रक्कम बेचाळीस दिवस पुरवावी लागते, आणि त्यातील पहिले आठ दिवस वर्षातील सर्वांत खर्चाचे असतात. घरभाडे, दूध, विजेचे देयक, सोसायटीचा हप्ता यांना दिवाळीची सबब चालत नाही. मग जी उधारी ऑक्टोबरात टळली ती नोव्हेंबरच्या मध्यास पुन्हा दाराशी येते.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो आणि तेथील अनेक कंपन्या डिसेंबरचा पगार नाताळापूर्वी देतात. २० डिसेंबरला पगार घेणाऱ्यास पुढील पगार ३१ जानेवारीला मिळत असेल, तर तेथेही अंतर बेचाळीस दिवसांचेच पडते. शिवाय तेथे अल्प उत्पन्नाच्या कामगारांना ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हे शासकीय साहाय्य दरमहाच्या मिळकतीवर ठरवून दिले जाते. पगाराची तारीख बदलून दोन पगार एकाच हिशेबाच्या महिन्यात मोजले गेले की साहाय्य घटते अथवा बंद होते. म्हणून पगार आधी दिला तरी नोंदीत नेहमीचीच तारीख दाखवावी, अशी सूचना तेथील महसूल खात्याने मालकांना दिलेली आहे. चांगल्या हेतूने बदललेली तारीखही गरिबाच्या अंगाशी येऊ शकते, हे यावरून ध्यानी येईल.

बोनसचा धडा

मुंबईच्या कापडगिरण्यांनी १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या महागाईत, वेतनाच्या दहा टक्के युद्ध-बोनस दिला. पुढे तो कामगारांच्या घरखर्चात गृहीत धरला जाऊ लागला आणि तो नाकारला जाताच १९२४ साली मोठा संप झाला. बोनस ही मालकाची मर्जी नसून कामगाराचे येणे आहे, या विचाराला कायद्याचे रूप येण्यास १९६५ साल उजाडले. त्या वर्षीच्या बोनस प्रदान अधिनियमाने हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत घालून दिली. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या आस्थापनेस ही मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत मिळते. दिवाळी तत्पूर्वीच येऊन जाते. म्हणजे सण उलटल्यावर दिलेला बोनसही कायदेशीर ठरतो, पण त्याचा निम्मा उपयोग नाहीसा झालेला असतो. ज्या आस्थापनांना सणापूर्वी कामगारांच्या हाती पैसा द्यावयाचा आहे, त्यांनी प्रथम बोनस वेळेवर द्यावा. ती खरोखरीची जादा रक्कम आहे आणि तिच्यामुळे पुढील महिन्याला भगदाड पडत नाही.

दाम आणि उचल

आगाऊ रकमेचे दुसरे रूप ऊसतोडीच्या फडात दिसते. बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतात. सण त्या पैशातून होतो आणि मग हंगामभर ती रक्कम अंगमेहनतीने फेडावी लागते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. ही उचल न झालेल्या कामाचे पैसे होत. २० ऑक्टोबरला मागितलेल्या पगारापैकी वीस दिवसांची रक्कम मात्र काम करून मिळविलेली असते. या दोहोंतील भेद ओळखला की निर्णयाची दिशा आपोआप सापडते. सणाच्या दिवसापर्यंत झालेल्या कामाचे वेतन सणापूर्वी द्यावे आणि उरलेल्या दिवसांचे वेतन ठरल्या तारखेस द्यावे. त्यायोगे सण निभावतो आणि पुढील महिन्याच्या आरंभीही हाती काही रक्कम येते.

अर्थात याने लेखाशाखेचे काम वाढते आणि एका महिन्यात दोन देयके काढावी लागतात. जेथे ते शक्य नसेल तेथे बिनव्याजी सण अग्रिम देऊन तो दहा मासिक हप्त्यांत वसूल करण्याची शासकीय सेवेतील रीत उपयुक्त आहे. २०२० साली केंद्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना दहा हजार रुपयांचा असाच अग्रिम दिला होता. मात्र सक्ती कोणावरही नसावी. आणि ही सोय केवळ दिवाळीपुरती न ठेवता ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा यांपैकी ज्याचा जो सण, त्यासाठी त्यास ती घेता यावी.

आधी थकबाकी

या चर्चेत एक वर्ग सहसा बोलत नाही. कंत्राटी सफाई कामगार, ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी, शाळेतील पोषण आहार शिजविणारी महिला, यांच्यापैकी अनेकांचा प्रश्न लवकर मिळण्याचा नसून वेळेवर मिळण्याचा असतो. २०१९ च्या वेतन संहितेने मासिक वेतनासाठी पुढील महिन्याच्या सात तारखेची मर्यादा घातली आहे. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास मूळ मालकाने ते चुकते करावे, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमात होती आणि संहितेतही आहे. कायम सेवकांना दहा दिवस आधी पगार देणाऱ्या कार्यालयाच्या अंगणात झाडलोट करणारीचे दोन महिन्यांचे वेतन थकलेले असेल, तर त्या उदारतेला फारसा अर्थ उरत नाही.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना यात पुष्कळ करता येण्याजोगे आहे. कर्मचाऱ्यांच्या वेतनातील ग्रामपंचायतीचा वाटा करवसुलीवर अवलंबून असतो. वसुलीची मोहीम भाद्रपदात उरकली तर आश्विनात हात आखडता घ्यावा लागणार नाही. कार्यालयप्रमुखांनी सणाच्या महिनाभर आधी थकीत वेतनाची यादी मागवावी, कंत्राटदारांची देयके अडली असल्यास ती निकाली काढावीत आणि वेतनाची तारीख सर्वांना आगाऊ कळवावी. तारीख आधी कळली की गृहिणीला खर्चाची आखणी करता येते.

तेव्हा वेतन सणापूर्वी द्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच आहे. परंतु त्यास क्रम असावा. प्रथम थकलेले द्यावे, नंतर बोनस द्यावा आणि मग झालेल्या कामाचे वेतन आधी द्यावे. या क्रमाने पैसा गेला तर दिवाळीचा दिवा कायम सेवकाच्या घरी लागेल, तसाच रोजंदारीवाल्याच्या घरीही लागेल.