टिचकीचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाने जाहिरातीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण आमचे आयुष्य गेटवर पत्रके वाटण्यात गेले. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना हजार पत्रके वाटावीत आणि सभेला वीस माणसे यावीत, हा हिशेब आम्ही कैक वेळा मांडला. मोबाईलवरील जाहिरातीचा हिशेबही हाच. जाहिरात जितक्या वेळा दिसली, त्यातल्या शंभरामागे किती वेळा तिच्यावर बोट टेकले, तो टिचकीचा दर. दहा हजार वेळा दिसून शंभर टिचक्या पडल्या, तर दर शेकडा १.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची जाहिरातपट्टी झळकली. पाहणाऱ्यांपैकी शेकडा ४४ जणांनी तिच्यावर टिचकी मारली, असे सांगतात. ती नव्याची नवलाई. आज अशा पट्टीला शंभरात एक टिचकीही बहुधा लाभत नाही. गेटवर आम्हाला पाहताच हात खिशात घालणाऱ्यांप्रमाणे लोकांची नजर जाहिरात ओलांडून जायला शिकली आहे.

मग दर वाढवावा कसा? एक मार्ग आम्ही स्वतः चोखाळला. त्याची कबुली आज देतो. सभेला गर्दी होईना, म्हणून एकदा पत्रकावर ठळक छापले, ‘कारखाना बंद होणार!’ तसे काहीच नव्हते; सभा बोनसची होती. मैदान भरले आणि माणसे चडफडत घरी गेली. काही वर्षांनी तो कारखाना खरोखरच बंद पडू लागला. आम्ही तेच शब्द छापले. तीसचाळीस माणसे आली. बाकीच्यांनी हसून पत्रक चुरगळले. त्या दिवशी जे गमावले, ते अजून भरून निघालेले नाही.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली सुरू झालेल्या योजनेत चारकोपला लहान भूखंडांवर घरे उभी राहिली. अशा घरांतून मसाला, भाजणी, शिलाई करणाऱ्या भगिनींनी हा हिशेब नीट समजून घ्यावा. समजा, टिचकीला ५ रुपये पडतात. ‘फुकट मसाला!’ म्हटल्याने १०० टिचक्या आल्या, खर्च ५०० रुपये, मागण्या दोनच. म्हणजे मागणीमागे २५० रुपये गेले. आता ‘मालवणी मसाला, पाव किलो, अमुक किंमत, कांदिवलीत घरपोच’ असे लिहिले. टिचक्या ४०, खर्च २०० रुपये, मागण्या चार. मागणीमागे ५० रुपये. दर घटला, धंदा तरला! तेव्हा जो मनुष्य नुसत्या टिचक्या वाढवून देण्याचा मक्ता घेतो, त्याला आधी विचारा, ‘मागण्या किती?’

दर निरुपयोगी आहे, असे मात्र नव्हे. गूगलने २००२ पासून शोधाच्या जाहिरातींचा क्रम लावताना बोलीच्या रकमेबरोबर टिचकीचा दरही धरला. लोकांना उपयोगी वाटणारी जाहिरात कमी बोलीतही वर येऊ शकते. म्हणून प्रामाणिकपणे दर वाढवावा. माल कोणासाठी, केवढ्याला, कुठे मिळेल, हे पहिल्या ओळीत सांगा. गिऱ्हाईक ज्या भाषेत घरी बोलते, त्या भाषेत सांगा. दोन मजकूर करून एकाच काळात दोन्ही दाखवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही. पाचदहा टिचक्यांवर निकाल देऊ नका. आणि टिचकीनंतर उघडणाऱ्या पानावर तोच माल, तीच किंमत असू द्या.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांचा अर्ज केला, त्यावर ५,५०० सह्या होत्या. मागण्या रोखठोक होत्या: रविवारची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. रविवार मिळायला १८९० साल उजाडले. तेवढा काळ माणसे टिकली, ती मथळ्याच्या आकाराने नव्हे.

बोट एकदा फसते. दुसऱ्यांदा ते टेकावे असे वाटत असेल, तर पहिल्यांदा खरे बोलले पाहिजे. आम्ही हे उशिरा शिकलो. आपण आजच शिकावे, एवढीच विनंती.