संगीत रंगभूमीचा चित्रित इतिहास

दूरचित्रवाणीवर संगीत रंगभूमीचा इतिहास सांगणारा अनुबोधपट लागला म्हणजे तो कोठून निघून कोठें थांबणार, हें रसिकांस बहुधा पाठ असतें. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांचें 'सीतास्वयंवर', १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल', पुढें बालगंधर्वांचा सुवर्णकाळ, आणि शेवटीं बोलपटानें ओस पाडलेलीं नाट्यगृहें. ही हकीकत खोटी नाहीं. पण ती पुरी आहे काय?

मुख्य अडचण साधनांची आहे. १९२१ सालीं बालगंधर्व व केशवराव भोसले 'संयुक्त मानापमाना'त एकत्र उभे राहिले, तेव्हां आपला चित्रपट मुकाच होता. पुढें १९३५ च्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व पडद्यावर दिसले, ते संत एकनाथांच्या पुरुषवेषांत! ज्या स्त्रीभूमिकांनीं महाराष्ट्र वेडा केला, त्यांच्या ऐन भरांतील प्रयोगांसाठीं आपणांस छायाचित्रांवर व ध्वनिमुद्रिकांवर भागवावें लागतें. तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत. 'वन्स मोअर'च्या गजरांत रंगत जाणारें पद तींत कसें मावावें?

तेथें कॅमेरा उशिरां पोहोंचला, याला इलाज नाहीं. परंतु जेथें अद्याप उशीर झालेला नाहीं, तेथें तरी तो जातो काय? भंडारा जिल्ह्यांत साकोली तालुक्यांत एकोडी नांवाचें गांव आहे. हा सारा झाडीपट्टीचा, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली यांचा, धानाचा मुलूख. धान घरांत आलें कीं दिवाळीनंतर येथें मंडईचे दिवस सुरू होतात. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्रीं उभारलेल्या मंडपांत नाटक सुरू होतें, तें पहांटेपर्यंत. पेटी-तबल्याचा साज समोर असतो आणि पात्रें स्वतः गातात. वडसा येथील नाटकमंडळ्या हंगामभर गांवोगांव फिरतात. बोलपटानें संगीत नाटक संपविलें, हें वाक्य या मुलखांत खरें ठरत नाहीं. २०२३ सालीं झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली; तेव्हां कोठें अनेक शहरी घरांस ही रंगभूमि ठाऊक झाली.

कोणी म्हणेल, त्या गाण्यांत अभिजात नाट्यसंगीताची शुद्धता कोठें आहे? पण खुद्द किर्लोस्करांनीं तरी चाली कोठून घेतल्या? साकी, दिंडी, लावणी आणि कानडी पदें, जें कानीं रुळलेलें होतें, तेंच त्यांनीं वेंचलें. झाडीपट्टीनेंही दंडारीपासून सिनेमापर्यंत कानांवर आलेलें आपलेंसें केलें. दोन्हीं घराणीं भिन्न असतील, रीत एकच आहे.

म्हणून माझी विनंति एवढीच. पुढचा अनुबोधपट काढणारानें हिंवाळ्यांतील एक अख्खी रात्र या मंडपांत बसावें. निवडक पद टिपून परत फिरूं नये. वादकांचे इशारे, घोंगडी पांघरून बसलेले प्रेक्षक, पहांटेच्या प्रवेशांत बसलेला नटाचा आवाज, हें सर्व टिपावें. बालगंधर्वांच्या बाबतींत आपण साधनांअभावीं मुकलों. आज साधनें आपल्या हातांत आहेत. या वेळीं मुकलों, तर दोष आपला राहील.