आपण जिंकलो!

कोल्हापूरच्या माणसाला ‘कुठला?’ असं विचारलं, तर तो आधी पेठ सांगतो आणि पेठेपाठोपाठ तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं परगावच्या माणसाला कुस्तीची वाटतात. पण याच तालमींनी इथं फुटबॉल वाढवला. यांतल्या कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमला पंजेही बसतात.

मी आठ वर्षांचा असताना अब्बा मला शाहू स्टेडियमवर घेऊन गेले. गर्दीत मला काही दिसेना. शेजारच्या आबांनी मला खांद्यावर घेतलं. आमच्या पेठेचा गोल झाला आणि मी ओरडलो, ‘आपण जिंकलो!’ आमच्यापैकी कुणी चेंडूला पायसुद्धा लावला नव्हता. तरी ‘ते’ नाही, ‘आपण’! संघाचं वेड म्हणजे हा एवढा एक शब्द, असं मला वाटतं.

हा शब्द मला सगळीकडे इतक्या सहज मिळाला नाही. भारत-पाकिस्तान क्रिकेटचा सामना असला की कुणीतरी हसत विचारतं, ‘काय मग, आज कुणाकडं?’ मीही हसतो. पण ते हसणं घरी येईपर्यंत टोचत राहतं. स्टेडियमवर मला हे कधी कुणी विचारलं नाही. तिथं माझी पेठ सगळ्यांना ठाऊक होती.

संघ कशाच्या नावानं उभा करायचा, याला म्हणूनच महत्त्व आहे. मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे धर्मावर बेतलेले क्रिकेट संघ खेळायचे. १९१२ मध्ये मुस्लिम संघ त्यात आला, १९३७ मध्ये ‘रेस्ट’ हा पाचवा संघ आला. १९४३ च्या अंतिम सामन्यात ‘रेस्ट’च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारेंच्या होत्या. खेळ असा उत्तुंग होता. तरीही १९४६ मध्ये ही स्पर्धा बंद झाली, आणि ते बरंच झालं.

पेठांची ईर्षाही काही साधीसुधी नाही. दगड पडलेले, डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. पण कॉलेजात मी आणखी एक गोष्ट पाहिली. रविवारी एकमेकांना लोळवणारी दोन पेठांची पोरं बुधवारी कॉलेजची जर्सी घालून एकमेकांना पास द्यायची. कालचा ‘तो’ आज ‘आपण’ व्हायचा. मैदानावरची रेघ फक्कीचीच असते, हे त्या पोरांना कळत होतं.

अब्बा गेले तेव्हा कब्रस्तानात समोरच्या पेठेतले एक म्हातारे आले होते. चहाच्या गाड्यावर तीस वर्षं दोघांचं फुटबॉलवरून भांडण चाललेलं. मूठमाती देऊन ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘पोरा, आता मी भांडू कुणाशी?’