बाराचे आवर्तन
(मंडळाच्या संगीत संध्येत केलेले भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. गिटार हा फावल्या वेळचा छंद. ब्लूज हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. त्याचे नेहमीचे आवर्तन १२ बारचे, दर बारात ४ मात्रा, म्हणजे एकूण ४८. ई पट्टीत पहिले चार बार ई, मग दोन ए, दोन ई आणि शेवटी बी, ए, ई, बी असा एकेक.

सोपे वाटते ना? पण कॉलनीतल्या एका कार्यक्रमात मी सोलो ऐकण्यात गुंगलो आणि एक बार आधीच ए वर गेलो. घाबरून हातच थांबवला. बास वाजवणारा मित्र नंतर म्हणाला, "चुकलास ते फारसं कुणाला कळलं नसतं, थांबलास ते सगळ्यांना कळलं!"

आता प्रत्येक बाराच्या पहिल्या मात्रेला त्या बाराचा आकडा मनात म्हणतो. चुकलोच तर डावा हात तारांवर हलकाच टेकवून सूर बंद करतो, उजवा लयीत चालूच ठेवतो. कान बासकडे. शेवटचा बी संपला, की समेवर पुन्हा सामील.

जिमी रीड यांच्या मागे एडी टेलर यांची साथ जरूर ऐका. गाडी वेळेआधी सोडण्यात कसले कौतुक? साथीचेही तसेच आहे.