बँकॉकच्या बाजारातली शिकवणी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



परदेशात राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तिथे काय काय पाहिलंत, आणि खाण्यापिण्याचे हाल झाले का? या दोन्हींची उत्तरं देऊन झाली, की मला तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलावंसं वाटतं. परक्या मुलुखात आपण परके राहायचं की नाही, हे कोण ठरवतं? आपण, की तिथली माणसं?

आम्ही रहाटणीचे. पिंपळे सौदागर, काळेवाडी आणि थेरगाव यांच्या मधलं हे गाव. गाव म्हणायचं ते सवयीनं. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० मध्ये झाली, १९८२ मध्ये महापालिका झाली, आणि बघता बघता शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. २००१ च्या जनगणनेत साऱ्या शहराची वस्ती दहा लाखांच्या घरात होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. सकाळी कोकणे चौकात उभं राहिलं, की चाकण, तळेगाव, भोसरी, हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या दिसतात. आणि याच घरांतून कुणी जर्मनीला, कुणी कोरियाला, कुणी थायलंडला जातो. मोटारींच्या धंद्यात चाकण आणि बँकॉकच्या पूर्वेचा चोनबुरी-रायोंगचा पट्टा ही सख्खी भावंडं शोभावीत. टाटा मोटर्सनंही २००८ पासून दहा वर्षं थायलंडमध्ये पिकअप गाड्या तयार केल्या होत्या. माझ्या यजमानांचं काम सुट्या भागांचं. त्या कामासाठी आम्ही २०१३ ते २०१६ अशी जवळजवळ चार वर्षं बँकॉकच्या एका उपनगरात काढली.

बँकॉकमध्ये परदेशी माणसाला दोन शहरं मिळतात. एक सुखुमवित रस्त्याच्या आसपासचं. उंच इमारती, इंग्रजी शाळा, इंग्रजी बोलणारे दुकानदार. तूरडाळ, पोहे, हिंग हवं असेल तर पाहुरात भागात जायचं. तिथे शिखांचा मोठा गुरुद्वारा आहे, कापडाची दुकानं आहेत आणि भारतीय वाणसामानही मिळतं. या शहरात थाई भाषेचा एक शब्द न शिकता वर्षानुवर्षं राहता येतं, आणि कित्येक जण राहतातही. दुसरं शहर गल्लीबोळांचं. गल्लीला थाईमध्ये ‘सोय’ म्हणतात. आमच्या सोयीच्या तोंडाशी रोज सकाळी भाजीबाजार भरायचा, आणि तिथे इंग्रजी, हिंदी काहीच चालत नसे.

त्या बाजारातली एक भाजीवाली माझी पहिली शिक्षिका. तिला सगळे ‘पा’ म्हणत. थाईमध्ये ‘पा’ म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो, रिक्षावाल्याला दादा किंवा काका म्हणतो, अगदी तसंच. वयानं मोठ्याला ‘फी’, धाकट्याला ‘नोंग’. अनोळखी माणसाला नात्यानं हाक मारायची ही रीत पाहून मला निम्मं घरी आल्यासारखं वाटलं.

या पाची शिकवण्याची पद्धत सोपी होती. मी कोथिंबिरीकडे बोट दाखवलं, की ती जुडी हातात घेऊन म्हणायची, ‘फाक ची’. मी म्हटल्याशिवाय जुडी पिशवीत पडायची नाही. लिंबू म्हणजे ‘मनाव’. किती पैसे, हे विचारायचं तर ‘थाव राय खा?’ बायकांनी बोलताना शेवटी ‘खा’ लावायचं, पुरुषांनी ‘ख्राप’. आपल्या ‘हो’ला ‘जी’ लावावा, तसा हा आदर. थाई भाषेत पाच सूर आहेत. सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘क्लाय’ एका सुरात म्हटलं तर जवळ, दुसऱ्या सुरात म्हटलं तर लांब! रस्ता विचारणाऱ्याची काय गत होत असेल, तुम्हीच कल्पना करा. पा तो सूर तीन-तीनदा म्हणून दाखवायची. मागे गिऱ्हाइकं उभी असायची. पण कुणी घाई केली नाही. उलट शब्द नीट उमटला, की दोन-चार जणी हसून माना डोलवायच्या.

कान थोडा तयार झाल्यावर गंमत वाटू लागली. शहराला तिथली माणसं बँकॉक म्हणतच नाहीत. ती म्हणतात ‘क्रुंग थेप’. यातला ‘थेप’ म्हणजे आपला देव. शहराचं दरबारी नाव तर एवढं लांबलचक आहे, की त्यात महानगर, अमर, रत्न, अयोध्या, इंद्र आणि विश्वकर्मा असे सगळे येऊन जातात. ‘सवातदी’ हा नमस्काराचा शब्द ‘स्वस्ति’पासून आलेला. ‘आहान’ म्हणजे आहार, ‘फासा’ म्हणजे भाषा, ‘ख्रू’ म्हणजे गुरू. आणि आमच्या घरात सगळ्यांत आवडता झालेला शब्द म्हणजे मोटारगाडीचा ‘रोत योन’. त्याचं मूळ रथ आणि यंत्र! चाकणला तयार होते ती नुसती कार, आणि रायोंगला तयार होतो तो रथयंत्र. यजमानांच्या कारखान्यातल्या थाई मुलांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनाही मोठी मौज वाटली.

पण मला खरी भावली ती ‘चाय’ची भाषा. उच्चार आपल्या चहासारखा, पण अर्थ मन. थाई माणूस दयाळू असेल तर ‘चाय दी’, म्हणजे चांगल्या मनाचा. शांत असेल तर ‘चाय येन’, थंड मनाचा. उतावळा असेल तर ‘चाय रोन’, तापलेल्या मनाचा. दुसऱ्यासाठी आपणहून काही करणाऱ्याकडे ‘नाम चाय’ असतं, म्हणजे मनाचं पाणी. आणि ‘समजलं का?’ हे विचारायचं असेल तर म्हणायचं ‘खाव चाय माय?’ शब्दशः अर्थ, मनात शिरलं का? भाजीचा भाव सांगतानाही पा मला हेच विचारायची.

गणपतीचे दिवस आले, की तिथली मराठी मंडळी एकत्र जमत. आरत्या होत, मोदक होत. चिंचवडला मोरया गोसावींच्या अंगणात वाढलेल्या माणसाला गणपती आपला एकट्याचा वाटतो. तिथे गेल्यावर कळलं, की तो त्यांचाही आहे. तिथे त्याला ‘फ्रा फिकानेत’ म्हणतात. यातला ‘फिकानेत’ म्हणजे आपला विघ्नेश. त्यांच्या ललित कला खात्याच्या चिन्हावर गणपती आहे, १९४३ मध्ये स्थापन झालेल्या शिल्पाकोर्न विद्यापीठाच्या चिन्हावरही तोच आहे. कलावंत त्याला फार मानतात. तांदळाच्या पिठीच्या पारीत ओलं खोबरं आणि ताडगूळ भरून उकडत्या पाण्यात शिजवलेला एक पदार्थ तिथे देवापुढे ठेवतात, ‘खनोम तोम’. आकार गोळ्याचा आणि वरून खोबऱ्याचा कीस. कळ्या तेवढ्या नाहीत, पण आतून मोदकच. पाला मी उकडीचा मोदक दिला तेव्हा तिनं अर्धा खाल्ला, सारण निरखून पाहिलं आणि म्हणाली, हे तर आमचंच.

१३ ऑक्टोबर २०१६ रोजी थायलंडचे राजे भूमिबल यांचं निधन झालं. सत्तर वर्षं ते गादीवर होते. देशातल्या बहुतेक माणसांनी दुसरा राजा पाहिलेलाच नव्हता. एका रात्रीत शहर काळ्या कपड्यांत गेलं. ज्यांना ते जमलं नाही, त्यांनी काळी फीत लावली. आमच्या ओळखीच्या परदेशी घरांमध्ये त्या दिवसांत बोलणं चाललं होतं ते कार्यक्रम रद्द झाल्याचं, दुकानं कधी उघडतील याचं. मी बाजारात गेले. पा गाळ्यावर बसली होती, भाजी तशीच, आणि डोळे सुजलेले. मला येत होते ते दोनच शब्द मी म्हटले, ‘सिया चाय’. म्हणजे वाईट वाटलं. शब्दशः, मन हरवलं. तिनं माझा हात धरला आणि लहानपणी गावी राजा आला होता तेव्हाची हकिगत सांगू लागली. निम्मी मला कळली, निम्मी नाही. पण त्या दिवशी मी त्या शहरात पाहुणी नव्हते.

पाहुण्यावरून आठवलं. थाई भाषेत पाहुण्याला ‘खेक’ म्हणतात. आणि बोलण्यात आपल्याकडच्या माणसांनाही ‘खेक’च म्हणतात. सिलोम रस्त्यावरचं तमिळ लोकांनी बांधलेलं मारियम्मन देवीचं मंदिर लोकांच्या तोंडी ‘वात खेक’ आहे. गोऱ्या माणसाला म्हणतात ‘फरांग’, आपल्या फिरंगीचा भाऊ. म्हणजे बाहेरच्यावर शिक्का मारण्याची खोड तिथेही आहे, आणि ‘खेक’ हा शब्द नेहमी प्रेमानंच उच्चारला जातो असंही नाही. थाई समाज म्हणजे देवमाणसांचा समाज, असं मला मुळीच सांगायचं नाही. सांगायचं आहे ते एवढंच, की आपली भाषा शिकू पाहणाऱ्यासाठी ते दार लोटून घेत नाहीत. आणखी एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. पा मुळची बँकॉकची नव्हतीच. ती ईशान्येकडच्या ‘इसान’ भागातली. तिची घरची बोली लाओ भाषेच्या जवळची. पोटासाठी राजधानीत आलेली ती बाई मला राजधानीची भाषा शिकवत होती.

आता आपल्या रहाटणीत येऊ. इथल्या मंडईत उत्तर प्रदेशातून आलेला मुलगा ओरडत असतो, ‘ताई, कोथिंबीर घ्या, दहाला जुडी!’ आणि शुद्ध मराठी घरातली बाई त्याला विचारते, ‘भैया, मेथी कैसे दिया?’ तो मराठीत बोलतो, आपण हिंदीत. सोसायटीच्या बागेत एक कोरियन बाई मुलाला घेऊन येत. ‘नमस्कार, कशा आहात?’ एवढं त्यांनी पाठ केलं होतं. ज्यांना ज्यांना त्यांनी ते म्हणून पाहिलं, त्यांच्याकडून उत्तर आलं ते इंग्रजीत. महिन्याभरानं त्याही ‘हॅलो’ म्हणू लागल्या.

यात कुणाचा दुष्टावा नसतो. समोरच्याला त्रास नको, ही भलमनसाई असते. कधी घाई असते. आणि खोल कुठेतरी असंही वाटत असतं, की मराठी ही आपल्या घरातली गोष्ट, बाहेरच्याला ती कशाला? कुणी म्हणेल, त्या भाजीवालीला दुसरी भाषाच येत नव्हती, ती काय करणार? खरं आहे. पण बँकेत, दवाखान्यात उत्तम इंग्रजी बोलणारी थाई माणसंही, आपण थाईत सुरुवात केली की थाईतच उत्तर द्यायची. अडलं तरच इंग्रजी. जिथे पहिल्यापासून इंग्रजी मिळत होतं, त्या सुखुमवितमधले परदेशी मात्र कोरडेच राहिले.

आपल्या पट्ट्यात बाहेरची माणसं आता थोडीथोडकी नाहीत. चाकणला २००९ मध्ये जर्मन गाड्यांचे कारखाने आले. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२४ च्या सुरुवातीला ह्युंदाईकडे आला. त्यांच्याबरोबर परदेशी कुटुंबं येतात. त्यांच्याहून कितीतरी पटींनी अधिक येतात ते बिहार, ओडिशा, केरळचे, आणि आपल्याच मराठवाड्या-विदर्भातले. परदेशातून आलेल्या साहेबाला आपण ‘एक्स्पॅट’ म्हणतो आणि सुताराला ‘परप्रांतीय’. दोघेही पोटासाठीच आलेले, आणि दोघांनाही आपण मराठी देत नाही. मग काही वर्षांनी तक्रार करतो, की एवढी वर्षं इथे राहून यांना मराठी येत नाही. त्यावरून रस्त्यात हमरीतुमरी होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण दर्जा दिल्लीत मिळतो. भाषा शिकायला मिळते ती कोथिंबिरीच्या जुडीपाशी.

त्यासाठी वर्ग काढायला नकोत की मोर्चे काढायला नकोत. समोरच्यानं मोडकं मराठी बोललं, की मराठीतच उत्तर द्यायचं, सावकाश, सोपं. त्याचा शब्द अडला तर हिंदी-इंग्रजीत न पळता तोच शब्द पुन्हा म्हणायचा. त्याच्या लिंग-वचनाला हसायचं नाही. ‘ती’ गाडी आणि ‘तो’ ट्रक का, हे आपल्यालाही सांगता येत नाही. सोसायटीचा रखवालदार, दूध टाकणारा, शेजारचा परदेशी अभियंता, सगळ्यांना हा एकच नियम. दोन मिनिटं जास्त लागतील. मागे रांग असेल तर रांगेनंही थोडा धीर धरावा. आणि त्याला उमगलं की नाही अशी शंका आली, तर मावशीच्या मायेनं विचारायचं, कळलं का?