श्रमिकाचा गुडघा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर किंवा नर्मदापरिक्रमेवर बोलावे, अशी रीत आहे. त्या मानाने गुडघा हा विषय रुक्ष वाटेल. परंतु ज्या वसाहतीत आपण हा महोत्सव साजरा करीत आहोत, ती वसाहतच मुळी अंगमेहनतीवर उभी राहिलेली आहे. 1904 साली जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. 1969 मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. ह्या कारखान्यांच्या भोंग्यामागोमाग मराठी मुलखातून अनेक कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. 2021 मध्ये खमरियाचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ह्या सरकारी कंपनीकडे गेला. व्यवस्थापनाचे नाव बदलले; पण जड पेटी उचलणारे हात आणि तो भार पेलणारे गुडघे माणसाचेच राहिले.

मला आज एकाच प्रश्नाचा विचार आपणांपुढे मांडावयाचा आहे. एकदा दुखावलेला गुडघा पुन्हा पुन्हा का दुखावतो? कोणी म्हणते, वय झाले. कोणी म्हणते, हवा बाधली. कोणी नशिबाला बोल लावते. माझे म्हणणे असे की, बहुतेक वेळा ह्याचे कारण त्याहून साधे असते. दुखणे थांबले म्हणजे दुखापत बरी झाली, असे आपण समजतो. वस्तुतः ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि त्यांच्यामधल्या काळातच पुढच्या दुखापतीचे बीज पडते.

प्रथम गुडघ्याची रचना थोडक्यात पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे भेटतात, तेथे खोबणीसारखा भक्कम आधार नाही. वरच्या हाडाची गोलाकार टोके खालच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. त्यांना जागच्या जागी ठेवण्याचे काम अस्थिबंध करतात. दोन बाजूंना दोन, आणि आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात; त्या गादीप्रमाणे भार वाटून घेतात. ह्या कूर्चांना रक्तपुरवठा मुख्यतः बाहेरच्या कडेलाच होतो. म्हणून कडेची चीर भरून येण्याची आशा असते. आतल्या भागाची चीर सहसा भरून येत नाही. ह्या साऱ्यांचा खरा पाठीराखा म्हणजे मांडीचा स्नायू. तो सशक्त असेल तर धक्का तो झेलतो. तो दुबळा झाला की तोच धक्का थेट कूर्चेवर आणि अस्थिबंधांवर पडतो.

हा धक्का किती असतो? कृत्रिम सांध्यात मापक यंत्र बसवून केलेल्या मोजणीत असे दिसून आले आहे की, सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तीन पटींहून थोडा अधिक, आणि उतरताना सुमारे साडेतीन पट भार येतो. भेडाघाटला चौसष्ट योगिनींच्या दर्शनाला जाताना चढण्यापेक्षा उतरतानाच गुडघे का कुरकुरतात, ह्याचे उत्तर ह्या आकड्यांत आहे. हातात ओझे असेल तर हिशेब आणखी वाढतो.

आता कामगाराच्या गुडघ्याची नेहमीची कथा पाहा. ओझे घेऊन वळताना पाऊल जमिनीवर घट्ट राहते आणि अंग फिरते, गुडघा पिरगळतो. सूज येते, चार दिवस लंगडत जातात, कोणी तेल चोळून देते, कोणी पट्टा आणून देते. पंधरवड्यात दुखणे ओसरते आणि माणूस पुन्हा पाळीवर उभा राहतो. बाहेरून सर्व ठीक दिसते. परंतु सुजलेल्या गुडघ्यामुळे मांडीचा स्नायू जणू आपोआप झोपी जातो. तो थोड्याच दिवसांत बारीक होतो, आणि दुखणे गेले म्हणून आपण होऊन पूर्ववत होत नाही. टेपने दोन्ही मांड्या मोजल्या तर फरक बहुधा डोळ्यांना दिसतो. अशा अर्ध्या बळाच्या पायावर आपण पूर्ण बळाचे काम टाकतो. मग कधी पायरीवर, कधी सायकलवरून उतरताना गुडघा दगा देतो. पुन्हा सूज, पुन्हा विश्रांती, स्नायू आणखी बारीक. हे चक्र तीन-चार वेळा फिरले की माणूस स्वतःच म्हणू लागतो, ‘माझा गुडघाच तसला आहे.’

हे चक्र तोडण्याचा मार्ग, योगायोग असा की, ज्या महायुद्धाच्या गरजेतून आपला कारखाना जन्मला त्याच महायुद्धात स्पष्ट झाला. अमेरिकन सैन्यातील टॉमस डीलॉर्म ह्या तरुण डॉक्टराकडे शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे जायबंदी झालेले सैनिक येत. अशांना दीर्घ विश्रांती आणि हलका व्यायाम देण्याची तेव्हा पद्धत होती. डीलॉर्मने पायाच्या बुटाला लोखंडी वजने बांधून, थोड्या आवर्तनांत पण क्रमाक्रमाने वाढत्या भाराने मांडीचा व्यायाम घेतला. गेलेले बळ परत आले, आणि 1945 मध्ये त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. आजच्या फिजिओथेरपीत ह्याच तत्त्वावर काम चालते. अलीकडे, 2016 मध्ये, ऑस्लो येथील खेळाडूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघ्यातील फुलीच्या अस्थिबंधावर शस्त्रक्रिया झालेल्या ह्या खेळाडूंनी मैदानावर परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवले, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दरमहा सुमारे निम्म्याने घटत गेला. आणि ज्यांच्या दोन्ही मांड्यांचे बळ सारखे झाले होते, त्यांचे गुडघे अधिक टिकले. खेळाडूचे मैदान आणि कामगाराची पाळी ह्यांत फरक आहे खरा. पण गुडघ्याला तो फरक ठाऊक नसतो.

मग करावे काय? पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक आणि मालीश टाळावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, सैलसर दाब देणारी पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. सूज दोन-चार तासांतच भरून आली, पायावर भार टाकता येईना, गुडघा अडकून सरळ होईना, किंवा ताप येऊन सांधा लाल झाला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

सूज उतरू लागताच व्यायाम सुरू करावा, तोही पायरीपायरीने. आधी पाय सरळ ठेवून मांडी आवळून धरणे; मग सरळ पाय उचलणे; मग खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे; मग बुटक्या पायरीवर चढउतार; आणि शेवटी वजन घेऊन. आपल्याकडे तालमीची परंपरा थोर आहे, म्हणून पुष्कळांना वाटते की शंभर बैठका मारल्या की गुडघा वठणीवर येईल. बैठक हा निरोगी गुडघ्याचा उत्तम व्यायाम आहे. दुखावलेल्या गुडघ्यासाठी ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

कामावर परतण्याची वेळ झाली की नाही, हे दुखण्याला विचारू नये, पायाला विचारावे. सूज पूर्ण गेली काय? गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ होतो आणि वाकतो काय? कठडा न धरता जिना उतरता येतो काय? त्या एकाच पायावर खुर्चीतून उठता येते काय? चारही उत्तरे होकारार्थी असावीत. परतल्यावरही पहिले काही आठवडे हलके काम मागून घ्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला दिसला, तर आदल्या दिवशीचे काम जास्त झाले असे समजावे. ओझे घेऊन वळताना कंबर किंवा गुडघा न फिरवता पावले टाकून वळावे. टेकून बसण्याच्या कामाला गुडघ्याखाली जाड गादी घ्यावी. वजन जास्त असल्यास ते उतरवावे. गुडघ्याची झीज झालेल्या स्थूल व्यक्तींच्या 2005 मधील एका अभ्यासात शरीराचा एक किलो भार कमी झाला की दर पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो, असे आढळले.

शस्त्रक्रियेविषयी दोन शब्द. फाटलेली कूर्चा काढून टाकली की काम झाले, अशी पूर्वी समजूत होती. 1948 मध्ये फेअरबँक ह्या इंग्रज शल्यचिकित्सकाने कूर्चा काढलेल्या गुडघ्यांत पुढे झिजेच्या खुणा दिसतात, हे क्ष-किरणांच्या आधारे दाखवले. 2013 मध्ये फिनलंडमधील डॉक्टरांनी 146 रुग्णांवर केलेल्या प्रयोगात, झिजून फाटलेली कूर्चा दुर्बिणीने छाटलेले रुग्ण आणि शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केलेले रुग्ण ह्यांच्या सुधारणेत वर्षअखेर लक्षणीय फरक आढळला नाही. अपघाताने फाटून अडकलेल्या गुडघ्याची गोष्ट वेगळी. तेथे शस्त्रक्रिया आवश्यक ठरू शकते. म्हणून घाबरून नकार देऊ नये, तशीच घाईही करू नये.

आता मुख्य अडचणीकडे येतो. हे सर्व समजूनही माणूस दुखापत लपवितो. जेथे मजुरी कामाच्या मापावर ठरते, तेथे हलके काम म्हणजे हलके पाकीट. शिवाय ‘कामचुकार’ हा शब्द कानी पडण्याची भीती गुडघ्याच्या कळेहून मोठी असते. परंतु लपविलेली दुखापत कागदावर येत नाही, आणि जी कागदावर आली नाही तिचा हक्क पुढे सिद्ध करणे कठीण जाते. कामामुळे झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क ह्या देशातील कामगाराला 1923 च्या कायद्याने प्रथम मिळाला. पुढे त्यातील तरतुदी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आल्या. कायदा आधी विचारतो तो नोंदीबद्दल. म्हणून इजा झाली त्याच दिवशी ती लेखी कळवावी आणि प्रत घरी जपून ठेवावी. ह्यात कमीपणा कसला?

आणि शेवटी आपल्याविषयी. गावाकडे शेतकऱ्याचा पाय मोडला तर भाऊ औत धरतो, पुतण्या गुरे पाहतो. येथे क्वार्टरमध्ये नवरा, बायको आणि दोन मुले. घरधनी आडवा झाला की गॅसची टाकी कोण आणणार, दवाखान्यात सोबत कोण जाणार, ह्या विचारानेच तो आठ दिवस आधी उठून उभा राहतो. हीच गोष्ट घरातल्या बाईची. पाण्याच्या बादल्या, उकिडवे बसून धुणे आणि फरशी पुसणे, हेही अंगमेहनतीचेच काम. तिला तर रजेचा अर्जसुद्धा लिहिता येत नाही. गणेशोत्सवाचा मांडव उभारायला आपण शंभर हात एकत्र आणतो. त्यांतले चार हात सहा आठवडे एका घराला लाभले, तर एक गुडघा आयुष्यभरासाठी वाचू शकतो. मंडळ म्हणजे परमुलखातले भाऊबंद, असे आपण मानतो. ते मानणे खरे करण्याची ही साधी जागा आहे.

 मंडळाला आणि त्याच्या सर्व कष्टकरी सभासदांना पुढील वाटचालीसाठी भक्कम पाय लाभोत, ही नर्मदामातेच्या चरणी प्रार्थना करून मी माझे भाषण संपवतो.