नाव स्थिर, पत्ता फिरता

बदलीच्या नोकरीत माणसाचे नाव तेवढे कायम राहते. पत्ता सारखा फिरत असतो. नव्या गावी गेल्यावर पोस्टात अर्ज दिला नाही, तर पत्रे जुन्याच घरी जाऊन पडतात. कोलकात्यास बदलून आल्यावर हाच अनुभव मला एका यंत्राच्या बाबतीत आला.

आई हयात असताना तिच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या आम्ही ध्वनिमुद्रित केल्या होत्या. भावंडांना त्या केव्हाही ऐकता याव्यात म्हणून घरच्याच एका लहान संगणकावर मी त्यांचे संकेतस्थळ मांडले. एका संध्याकाळी कालबैशाखीचे वादळ झाले. वीज गेली आणि आली. दुसऱ्या दिवशी नागपूरहून बहिणीने विचारले, "दादा, आईचा आवाज कुठे गेला?" ओव्या जागच्या जागी होत्या. बदलला होता तो घराचा आयपी क्रमांक.

जुन्या पद्धतीचा हा क्रमांक ३२ बिटांचा असतो. त्यामुळे असे क्रमांक जगात सुमारे ४२९ कोटींहून अधिक होऊच शकत नाहीत. म्हणून घरगुती ग्राहकास तो बहुधा कायमचा न देता तात्पुरता दिला जातो. माणसे नाव लक्षात ठेवतात, यंत्रे क्रमांक जाणतात. ह्या दोहोंची सांगड घालणारी डीएनएस ही नोंदवही पॉल मोकापेट्रिस ह्यांनी १९८३ साली योजिली. तीतील नोंद यंत्रानेच बदलावयाची रीत १९९७ साली ठरली. घरातील एक छोटा प्रोग्राम दर काही मिनिटांनी आपला क्रमांक पाहतो आणि तो बदलताच नोंदवहीस कळवितो. ह्यालाच 'डायनॅमिक डीएनएस' म्हणतात. मात्र नोंदीची मुदत एक-दोन मिनिटांचीच ठेवावी. नाहीतर वाटेतील यंत्रे जुनाच क्रमांक सांगत राहतात आणि पाहुणा परक्याच्या दारी जातो.

ह्या युक्तीलाही मर्यादा आहे. कित्येकदा अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच क्रमांक असतो. मग पाहुणा चाळीच्या दिंडीदरवाजापर्यंत येतो. आतली खोली त्याला सापडत नाही. अशा वेळी स्थिर क्रमांक विकत घ्यावा, किंवा १२८ बिटांच्या नव्या आयपीव्ही६ पद्धतीचा आश्रय करावा.

माझ्या घरी सुदैवाने तशी अडचण नव्हती. आजही वादळे होतात, क्रमांक बदलतो. बहिणीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही.